पाच जणांचं जेवण

लूप बेंड, नेब्रास्का
रविवार, २१ ऑगस्ट २०२२

प्रिय व्हर्ला,

फोन केला की तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं आणि तू पलीकडून "काय? काय?" करत राहतेस, म्हणून पुन्हा कागद घेतला. तसंही हल्ली मला बोलायचा कंटाळा येतो. दिवसभर मैदानावर ओरडायचं आणि घरी येऊन मिठाच्या गुळण्या करायच्या, एवढाच माझा संसार उरलाय.

परवा ब्राइसने केबिनमध्ये बोलावलं. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा नवा हेड कोच. मला मूल असतं तर त्याच्याच वयाचं असतं. त्याने स्वतः उठून कॉफी आणून दिली, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाला, तीन वर्षं झाली, आपल्याकडे चेंडू घेऊन धावणारा, नाव घ्यावं असा एक रनिंग बॅक नाही. या हंगामात तुम्ही तो घडवा, नाहीतर वसंतात मला तुमच्या जागी दुसरा माणूस शोधावा लागेल. फार अदबीने म्हणाला. तीस वर्षं मी या मैदानावर उभा आहे, व्हर्ला. दुसरं मला काही येत नाही, आणि कंबर आता दुसरं काही शिकू देईल असंही वाटत नाही.

बरं, मी काय हातावर हात धरून बसलो होतो का? पहिल्या पोराचा गुडघा गेला. दुसऱ्याला दोन वर्षं खपून घडवला, तर मोठ्या विद्यापीठाने अलगद उचलला. हल्ली नियमच तसा झालाय. हंगाम संपला की पोराने बदलीच्या यादीत नाव घालायचं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची जर्सी चढवायची. आम्ही दूध तापवायचं, साय त्यांनी खायची. तिसऱ्याला वेल्डिंगचं काम मिळालं, आणि खरं सांगायचं तर त्याने केलं ते शहाणपणाचंच केलं.

आता उरला तुझ्या गावचा कॉर्डेल पिकेट. गेल्या वर्षी तुझ्या शब्दावर घेतला आणि बाकावर बसवला, यंदा त्याची पाळी. पाय चांगले आहेत. पण चेंडू काखोटीला मारला की समोर वाट आहे का हे बघायच्या आधीच सुटतो. पुढची फळी, म्हणजे ती पाच धिप्पाड पोरं ज्यांचं कामच त्याच्यासाठी वाट काढायचं, ती अजून समोरच्यांना ढकलतच असतात आणि हा त्यांच्याच पाठीवर जाऊन आदळतो. थांब म्हटलं तर थांबतो, पण मग थांबूनच राहतो. विचारलं तर "हो कोच", "नाही कोच", संपलं. पोरगा आहे तरी कसा, ते जरा कळव.

तुझा,
लोवेल


पॉनी रिज, कॅन्सस
रविवार, २८ ऑगस्ट

प्रिय लोवेल,

तुझं पत्र म्हणजे दरवेळी दुखण्यांची यादी. गुळण्या करतोस ते बरं करतोस. रात्री काय जेवतोस ते मात्र लिहीत नाहीस, त्यावरून काय समजायचं ते मी समजले.

कॉर्डेल माझ्या बीजगणिताच्या वर्गात होता. हुशार म्हणणार नाही, ढ तर मुळीच नाही. बाकीची पोरं उत्तर येत नसलं की काहीतरी ठोकून द्यायची, लागला तर तीर. हा कोरं सोडायचा. मी एकदा म्हटलं, अरे अंदाजाने लिही, अर्धा मार्क तरी देईन. तर म्हणाला, "मला येत नाही ते येतंय असं कसं लिहू?" त्याला आजी लोरीननेच वाढवलंय. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसते आणि पाद्र्याचं प्रवचन माझ्या कानात जरा मोठ्यानेच पुन्हा सांगते, त्यामुळे अर्ध्या चर्चला ते दोनदा ऐकावं लागतं.

त्याच्यावर ओरडू नकोस. गप्प पोरावर ओरडलं की ते आणखी गप्प होतं. लहानपणी आपल्या घरात तूही तसाच होतास, फक्त तुला आता आठवत नाही.

तुझी,
व्हर्ला


लूप बेंड
रविवार, १८ सप्टेंबर

प्रिय व्हर्ला,

आज मी चेरी पाय खाल्ली, दोन तुकडे, कॅफेत बसून, तेही आठ दिवस जुनं वर्तमानपत्र वाचत. यावरून ओळख.

तुझं ऐकलं, ओरडणं बंद केलं. त्याला म्हटलं, चेंडू मिळाला की मधल्या गड्याच्या, गस वाव्राच्या, पाठीवर हात ठेवल्यासारखं त्याच्यामागे चाल. गसची पाठ डावीकडे वळली की तू उजवीकडे. पाठ सांगेल तेच ऐक, बाकी सगळं विसर. आठवडाभर नुसतं चालायला लावलं. पोरं हसायची, ब्राइस काचेतून बघायचा. आणि काल कॉर्डेल एकशे एक्केचाळीस यार्ड धावला. एकदा तर वाट अशी उघडली की त्यातून मीसुद्धा पळालो असतो, या कंबरेनिशी.

ब्राइसने सगळ्यांसमोर खांद्यावर थाप मारली. सामना संपल्यावर कुंपणापाशी दूरच्या गावची गाडी उभी होती, त्यातला एक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस खूप वेळ वहीत लिहीत होता. बियाणंवाला असेल, इथे येतात.

इतक्या वर्षांनी वाटलं की अजून आपल्या हातात काहीतरी आहे. हे फक्त तुलाच सांगतो.

तुझा,
लोवेल


पॉनी रिज
रविवार, २५ सप्टेंबर

प्रिय लोवेल,

चर्चमध्ये पाद्र्याने कॉर्डेलचं नाव घेतलं, लोरीन रडली, मग मी रडले, मग कॉफीला उशीर झाला म्हणून लोकं आमच्यावर वैतागली. आर्लन असता तर आज ओसरीवर बसून त्याने तो सगळा सामना मला मिठाच्या आणि मिरीच्या डब्या मांडून दाखवला असता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली तरी शनिवारी दुपारी त्याची खुर्ची मला बघवत नाही.

एक विचारायचं राहिलं. पोराने फळीला काय खाऊ घातलं?

तुझी,
व्हर्ला


लूप बेंड
रविवार, ९ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ला,

ये रे माझ्या मागल्या. लागोपाठ दोन सामने हरलो. कॉर्डेल पहिल्यात अडतीस यार्ड धावला, दुसऱ्यात त्याहून कमी. तेच पोर, तेच पाय, तीच चाल.

मी काय काय केलं ते ऐक. त्याच्या उभं राहण्याची पद्धत बदलली. बूट बदलले. वाळूत पळवला, चढावर पळवला, ओल्या चेंडूने सराव घेतला. घरी सामन्याचा व्हिडिओ लावून त्याची पावलं बघत बसतो, डोळे चुरचुरायला लागेपर्यंत. त्याच्या पावलात मला काहीच चूक सापडत नाही, आणि तेच फार वाईट आहे. चूक सापडली तर माणूस ती काढू तरी शकतो.

काल त्याला म्हटलं, तू पुन्हा घाई करतोयस. तो म्हणाला, "कोच, मी थांबतो. वाटच नसते." मी म्हटलं, वाट नाही असं प्रत्येक आळशी धावपटू म्हणतो. हे मी बोलायला नको होतं. तो आळशी नाही.

ब्राइसने आज पुन्हा कॉफी आणून दिली.

तुझा,
लोवेल


पॉनी रिज
रविवार, १६ ऑक्टोबर

लोवेल,

मी तुला एक प्रश्न विचारला होता. तू त्याचं उत्तर दिलं नाहीस. पुरुष पत्र वाचतात ते स्वतःचं नाव कुठे आलंय ते बघायला, अशी माझी जुनी तक्रार आहे.

तुला आपल्या स्वयंपाकघरातलं लांब टेबल आठवतं का? तू कॉलेजात धावायचास तेव्हा दर रविवारी आई पहाटेपासून कणीक मळायची. कोबी, खिमा आणि कांदा भरून बीरॉक भाजायची, ट्रेवर ट्रे. आणि तुझ्या फळीतली पाच जणं दार भरून आत यायची. तुला वाटायचं आईला पाहुण्यांची हौस आहे. लोवेल, आईला कसली हौस? तिला सोमवारी धुणं असायचं. जो धावतो त्याने वाट काढणाऱ्यांना जेवू घालायचं असतं. तू विसरशील हे तिला माहीत होतं, म्हणून तुझ्या वतीने ती घालायची. तू आपला डोकं खाली घालून खायचास आणि कोणत्या पेपरात नाव आलं ते सांगायचास. मी वाढायचे. त्या पाचांतल्या आर्लनने चौथा बीरॉक मागितला तेव्हाच मी ठरवलं होतं की याच्याशी लग्न करायचं.

आर्लन म्हणायचा, पहिला धक्का कामाचा असतो, दुसरा मनाचा. समोरच्याला एकदा ढकललं की तुमचं काम झालं, कोणी बोट दाखवू शकत नाही. पण तो पडल्यावर पुन्हा उठून पुढच्याला जाऊन धडकायचं ते कोणी सांगून करत नाही. आणि वाट उघडते ती त्या दुसऱ्या धक्क्याने. तेव्हा पोराची पावलं बघणं सोड. त्या पाच जणांकडे बघ.

पोर चिक्कू निघालं असेल तर मला आश्चर्य वाटेल, पण वाईटही वाटेल. लोरीनशी मी बोलते.

तुझी,
व्हर्ला


लूप बेंड
रविवार, २३ ऑक्टोबर

प्रिय व्हर्ला,

पाच जणांकडे बघितलं. तू म्हणतेस तसंच आहे. सप्टेंबरच्या व्हिडिओत गस वाव्रा एकाला पाडतो आणि पडल्या पडल्या रांगत दुसऱ्याच्या पायात घुसतो. आता तो एकाला ढकलतो आणि उभा राहतो, बस स्टॉपवर उभं राहावं तसा. पाचही जण तसेच. चूक म्हणशील तर एकाचीही नाही.

धावणारी पोरं फळीला असं जेवू घालतात हे मला माहीत होतं. त्यावर सामने ठरत असतील हे तीस वर्षांत कधी डोक्यात आलं नाही. मी धावणाऱ्यांचा कोच, मी पावलं बघतो.

गसला बाजूला घेतलं. शेतकऱ्याचा पोरगा, हात असे की दाराची मूठ त्यात दिसत नाही. आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "आम्ही ढकलतो, कोच. आमच्याकडून कसूर नाही." मी म्हटलं, दुसऱ्यांदा का नाही ढकलत? त्याने बुटाने गवत उकरलं. मग म्हणाला, "गेल्या वर्षीच्या धावपटूने शंभर यार्ड झाल्यावर आम्हाला मांस भाजून घातलं होतं. करपलं होतं सगळं, तरी घातलं. हा त्या रात्री खोलीचं दार लावून बसला. आम्ही पाच जण अंघोळ करून, केस विंचरून खाली वाट बघत होतो, कोच. असं कसं चालेल?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला लागलं होतं.

मग कॉर्डेलला गाठलं. म्हटलं, रविवारी त्यांना जेवायला बोलाव, पदार्थ मी आणतो. तो म्हणाला, "नाही कोच." का? "नाही बोलावू शकत." मी चिडलो. म्हटलं, तुझ्या आजीने तुला एवढं साधं शिकवलं नाही का? त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला स्वतःचीच लाज वाटली. पण मी माफी मागितली नाही.

आता तीन सामने उरलेत. तू लोरीनशी बोललीस का? काय म्हणाली?

लोवेल


पॉनी रिज
रविवार, ३० ऑक्टोबर

प्रिय लोवेल,

इथे थंडी सुरू झाली. चर्चमध्ये सूपचं जेवण होतं, मी नूडल्स नेले, उरले नाहीत. पुढच्या ओसरीची पायरी ढिली झाली आहे, कोणाला तरी बोलवायला हवं.

पोराला फार खोदून विचारू नकोस.

व्हर्ला


लूप बेंड
रविवार, ६ नोव्हेंबर

प्रिय व्हर्ला,

नूडल्स आणि पायरी वाचून मला वाटलं तुला बरं नाही. असो.

मी एक लबाडी केली आणि पकडला गेलो. गेल्याच्या गेल्या आठवड्यात, गुरुवारी, कॅफेतून मोठं पातेलंभर खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल आणले आणि पाच जणांना माझ्या घरी बोलावलं. म्हटलं, कॉर्डेलच्या आजीने पैसे पाठवून हे करायला सांगितलंय, तो अभ्यासात अडकलाय. पोरं भोळी. चिलीत रोल बुडवून बुडवून खाल्ले, पातेलं पुसून ठेवलं. त्या शनिवारी कॉर्डेल एकशे बारा यार्ड धावला आणि आम्ही जिंकलो. सामना संपल्यावर गसने मैदानातच त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "आजीला सांग, रोल एक नंबर होते."

कॉर्डेल तसाच उभा. मग शिरस्त्राण काखेत घेऊन सरळ माझ्याकडे आला. पुढे काय बोलणं झालं ते तुला सांगता येणार नाही, मी शब्द दिलाय. एवढंच सांगतो की पोरगा चिक्कू नाही आणि त्याच्या आजीने त्याला सगळं शिकवलंय. माझी अक्कल मात्र चरायला गेली होती.

या गुरुवारी त्याने पाच जणांना बसवून स्वतः काहीतरी सांगितलं. काय ते विचारू नकोस. काल आम्ही हरलो, त्याला वाटच मिळाली नाही. पाचही जण त्याच्याशी बोलत नव्हते.

आज सकाळी तो माझ्या दारात उभा. हातात किराण्याच्या पिशव्या. म्हणाला, "कोच, तुमचं ओव्हन देता का? आता बोलावता येईल मला त्यांना." मी म्हटलं, आता ते येतील का? म्हणाला, "न आले तर न आले. पण आता बोलावलं तर खोटं नाही." दिवसभर तो बीरॉकची कणीक मळत होता आणि आजीला फोन करकरून विचारत होता; आईच्या रविवारच्या टेबलाची गोष्ट मी त्याला सांगितली. मी बाहेर पायऱ्यांवर बसलो. चार वाजताची वेळ दिली होती. पाच वाजले, साडेपाच झाले. तो दर दहा मिनिटांनी ट्रे झाकायचा आणि पुन्हा उघडून बघायचा. ते बघवेना म्हणून मी गाडी धुवायला काढली, एवढ्या थंडीत.

सहाला आले. पाचही, एकदम, केस विंचरून. बसले आणि खाल्लं. करपलेले बाजूला काढून ठेवले होते तेही खाल्ले. कॉर्डेल उभ्याने वाढत होता. शेवटी गसने पायाने एक खुर्ची मागे ढकलली, त्याच्याकडे न बघता. मग तो बसला. जाताना दारात गस एवढंच म्हणाला, "कोबी कमी पडला."

आत्ताच सगळे गेले. माझ्या घरात अजून कांद्याचा वास आहे. आई गेल्यापासून असा वास आला नव्हता.

तुझा,
लोवेल


पॉनी रिज
रविवार, १३ नोव्हेंबर

प्रिय लोवेल,

काल लोरीनच्या घरी आम्ही रेडिओवर शेवटचा सामना ऐकला. म्हणजे तिने ऐकला आणि मला ओरडून सांगितला. दोनशे सात यार्ड, ना? तिने आकडा तीनदा सांगितला आणि तिन्हीदा मी मुद्दाम ऐकू न आल्यासारखं केलं.

आता माझंही ऐक. तू पत्रात जे गाळलंस ते मला गेले तीन आठवडे माहीत होतं. मी लोरीनला विचारायला गेले, पोर एवढं चिक्कू कसं? तिने मला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. सप्टेंबरात तो इस्त्रीच्या शर्टवाला माणूस, तुझा बियाणंवाला, त्याच शनिवारी सामन्यानंतर कॉर्डेलला भेटला आणि मग तिच्या घरी येऊन गेला. मोठ्या विद्यापीठाकडून. हंगाम संपला की कॉर्डेलने यादीत नाव घालायचं, जागा तयार आहे. आणि कॉर्डेल तिला म्हणाला होता, "आजी, मी जाणार आहे हे माहीत असताना त्यांना जेवू कसं घालू? जेवू घालणं म्हणजे मी तुमचा आहे असं सांगणं. मी त्यांचा नाही ना." मला तो कोरा पेपर आठवला. लोरीनने माझ्याकडून शब्द घेतला, म्हणून तुला नूडल्स आणि पायरी. तुझ्या माझ्यात फरक इतकाच की तू "शब्द दिलाय" असं लिहिलंस तरी, मला तेवढंही जमलं नाही.

आपण दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. आई असती तर दोघांनाही अंगणात उभं केलं असतं.

असो, शेवट गोड झाला. ब्राइसला दाखवण्याजोगा धावपटू तू दाखवलास. तो गेला तरी घडवला कोणी हे काय त्याला दिसत नाही? आता तुला कोण हात लावतो. ख्रिसमसला ये. आर्लनच्या खुर्चीत तू बसलास तर कदाचित मला ती बघवेल.

तुझी,
व्हर्ला


लूप बेंड
रविवार, ८ जानेवारी २०२३

प्रिय व्हर्ला,

ख्रिसमसला आलो नाही आणि पत्रही लिहिलं नाही. कार्डावर "तब्येत बरी आहे" एवढंच लिहिलं, ते खरं होतं, पण तेवढंच खरं होतं. आता सगळं सांगतो.

ऑक्टोबरच्या त्या शेवटच्या शनिवारी कॉर्डेल शिरस्त्राण काखेत घेऊन माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही माझ्या नावाने त्यांना खोटं खाऊ घातलंत. आता मला त्यांना सांगावं लागेल." आणि त्याने तो जाणार असल्याचं सांगितलं. मी तिथेच समजलो की घडवलेला पोरगाच चालला म्हणजे माझी जागाही गेली. हे मी त्याच संध्याकाळी ब्राइसला सांगायला हवं होतं. ब्राइसने दुसऱ्या मिनिटाला कॉर्डेलला बाकावर बसवलं असतं आणि उरलेले सामने पुढच्या वर्षीच्या पोराला दिले असते. त्यात त्याचं काही चुकलं नसतं, मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. कॉर्डेल म्हणाला, "मी फळीला सांगेन. हेड कोचना तुम्ही सांगा, ते तुमचं काम आहे." मी हो म्हटलं. आणि सांगितलं नाही. त्या पाच जणांनीही सांगितलं नाही, आपण होऊन.

का नाही सांगितलं, ते मला धड मांडता येत नाही. आधी वाटलं जागा वाचवण्यासाठीच गप्प बसतोय, दोन सामने चांगले झाले की ब्राइस विसरेल. पण मग तो रविवार आला, ते बीरॉक, ती मागे ढकललेली खुर्ची. आणि शेवटच्या सामन्यात, व्हर्ला, रेडिओने तुम्हाला यार्ड सांगितले पण हे सांगितलं नसेल. गस पहिल्याला पाडायचा, उठायचा, दुसऱ्याला पाडायचा, उठायचा, आणि तिसऱ्याकडे जायचा. पाचही जण तसेच. त्यांना माहीत होतं की हा पुढच्या वर्षी नाही. त्यांना हेही माहीत होतं की यातून त्यांच्या हाती काही लागणार नाही, कारण फळीचं नाव कोणी लिहीत नाही. आणि कॉर्डेल गसच्या पाठीवर हात ठेवल्यासारखा चालत होता, अगदी सप्टेंबरात शिकवलं तसा, आणि मग सुटायचा. तीस वर्षांत एवढं चांगलं काही मी पाहिलं नाही. तो दिवस मी ब्राइसला देऊ शकलो नाही. मग डिसेंबरात त्याची केबिन, बंद दार, कॉफी. "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्याने कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाला की पुढच्या हंगामासाठी त्याच्याकडे एकही तयार धावपटू नाही आणि हे त्याला दोन सामने आधी कळलं असतं तर निदान एक पोर तरी तयार झालं असतं. बरोबर आहे त्याचं. मी तुला मुद्दाम सांगतोय की तो वाईट माणूस नाही, नाहीतर तू त्याला पत्र लिहिशील.

तर आता मी खोकी भरतोय. एवढ्या वर्षांत जमलंय काय, तर शिट्ट्या, टोप्या आणि गुडघ्याच्या पट्ट्या. दमलोय. रागावलो असतो तर बरं झालं असतं, रागाने निदान अंगात ऊब येते. सकाळी उठून मैदानाकडे जायला निघतो आणि गाडी सुरू केल्यावर आठवतं. वसंतापर्यंत तुझ्याकडे राहू का? पायरी मी दुरुस्त करतो. खुर्ची मात्र आधी तू सांग, मगच बसेन.

गस निरोप द्यायला आला होता. उभ्यानेच बोलला, हात खिशात. म्हणाला, "पुढचा कोण येईल त्याला तुम्ही सांगून ठेवा, कोच, जेवणाचं." मी म्हटलं मी नसेन. तो म्हणाला, "मग मी सांगतो."

आणि काल कॉर्डेलचा निरोप आला, नव्या गावाहून. तिथे जाऊन आठवडासुद्धा झाला नाही, अजून चेंडूला हात लावलेला नाही, एक यार्डही धावलेला नाही. तिथल्या फळीला पुढच्या रविवारी त्याने जेवायला बोलावलंय. विचारतो, "कोच, गस म्हणाला होता कोबी कमी पडला. तुमची आई किती घालायची?"

मी फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिलो, व्हर्ला. मला काही सांगता आलं नाही. मी त्या टेबलाशी फक्त खायला बसायचो. तुला माहीत असेल तर त्याला लगेच कळव, पत्ता मागे लिहिलाय.

तुझा,
लोवेल